लूप कुठून कुठवर?

सर्किट बंद पडलं की पहिल्या काही मिनिटांतच तीन ठिकाणांहून एकच वाक्य ऐकू येतं : "आमच्याकडे सगळं ओके आहे." बँकेच्या शाखेतला माणूस राउटरचे दिवे पाहून ते म्हणतो. एक्स्चेंजमधला तंत्रज्ञ कार्डावर अलार्म नाही म्हणून म्हणतो. नियंत्रण कक्षातला अभियंता पडद्यावरच्या हिरव्या रेषा पाहून म्हणतो. तिघंही खरं बोलत असतात. ज्याला जेवढं दिसतं तेवढं ठीकच असतं, आणि तरीही पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसं काउंटरसमोर खोळंबलेली असतात.

ट्रान्समिशनच्या देखभालीत मी जी वर्षं काढली, त्यांत हा वाद आवाज चढवून मिटलेला मला आठवत नाही. तो मिटतो लूपने. कागदोपत्री त्याला लूपबॅक टेस्ट म्हणतात, फोनवर मात्र "लूप टाक", "लूप दे", "लूप काढलास का?" एवढंच बोललं जातं.

कल्पना अगदी सरळ आहे. ट्रान्समिशनच्या सर्किटात जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी असते. वाटेत एखाद्या ठिकाणी या दोन्ही एकमेकींना जोडल्या, की आपण पाठवलेलं आपल्यापाशीच परत येतं. ते जसंच्या तसं आलं, तर तिथवरचा सगळा मार्ग, जाताना आणि येताना, निर्दोष. बिघडून आलं किंवा आलंच नाही, तर दोष आपण आणि लूप यांच्या दरम्यान आहे. मग लूप एक टप्पा अलीकडे घ्यायचा किंवा पलीकडे न्यायचा आणि पुन्हा बघायचं. पाटाचं पाणी शेवटच्या वावरात पोचत नसलं की पाटकरी एकेका दाराशी थांबून पाणी बघतो, तशीच ही चाल आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट नवीन मुलांच्या लक्षात यायला वेळ लागतो. लूप दोषावर बोट ठेवत नाही, तो निर्दोष भाग बाजूला काढत जातो. म्हणून "टेस्ट ओके आली" असं कुणी सांगितलं की अनुभवी माणूस आधी विचारतो, "लूप कुठून कुठवर होता?" याचं नेमकं उत्तर मिळालं नाही, तर त्या ओकेला काहीच किंमत नाही.

हे तंत्र काचेच्या तारेहून बरंच जुनं आहे. तांब्याच्या केबलच्या जमान्यात मरे लूप आणि व्हार्ली लूप या चाचण्या होत्या. पलीकडच्या टोकाला चांगली तार आणि बिघडलेली तार जोडून घ्यायची, अलीकडे व्हीटस्टन ब्रिज लावायचा आणि रोधाच्या गुणोत्तरावरून दोष किती अंतरावर आहे ते काढायचं. पुढे १९६६ साली चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून लांबवर नेता येईल. भारतात ही काच एक्स्चेंजना जोडणाऱ्या स्थानिक जंक्शनसाठी पहिल्यांदा वापरात आली ती १९७९ मध्ये, आपल्या पुण्यात. माध्यम बदललं, टोकं जोडून परत आलेलं तपासायची रीत मात्र टिकली.

कराड-चिपळूण मार्गावरच्या एका सर्किटची गोष्ट सांगतो. लूपने काय कळतं आणि काय कळत नाही, हे दोन्ही तिच्यात आहे.

चिपळूणकडच्या एका शाखेचं दोन एमबीचं लीज्ड सर्किट कराडमार्गे पुढे जात होतं. तक्रार अशी, की लिंक पूर्ण पडत नाही, पण चुका येतात, व्यवहार मध्येच अडकतो, थोड्या वेळाने आपोआप सुरळीत होतं. याआधी डॉकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, वारंवार उघडून बंद झालं होतं, आणि प्रत्येक वेळी शेरा एकच : "टेस्ट ओके". तक्रार पुन्हा येत राहिली.

अशा वेळी बीईआर टेस्टर, म्हणजे बिटांतल्या चुका मोजणारं यंत्र, कराडच्या डीडीएफवर लावतात. डीडीएफ म्हणजे प्रत्येक सर्किटचं टोक जिथे हाताशी येतं ती चौकट. यंत्र शून्य आणि एक यांची ठरलेली, पण वरवर यादृच्छिक दिसणारी मालिका पाठवत राहतं. दोन एमबीसाठी ती ३२,७६७ बिटांची असते आणि पुन्हा पुन्हा फिरते. परत आलेली मालिका तेच यंत्र बिट-बिट ताडून पाहतं. सर्किटचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट. पंधरा मिनिटं चाचणी चालवली की १८४ कोटींहून जास्त बिट जाऊन परत येतात, आणि त्यातला एक जरी उलटा झाला तरी आकडा शून्यावर राहत नाही.

अडचण अशी, की लूप टाकला की सर्किटवरचं काम थांबतं. शाखा चालू असताना ते परवडत नाही. म्हणून चाचणी रात्री होते आणि आधीच्या सगळ्या चाचण्या रात्रीच झाल्या होत्या. त्या खऱ्या होत्या, त्यांत कुणी हयगय केलेली नव्हती. फक्त शाखेची तक्रार कामकाजाच्या वेळेतली होती आणि आमचा पुरावा रात्रीचा. म्हणून या खेपेस शाखाधिकाऱ्यांकडून दुपारचा थोडा वेळ मागून घेतला. तो सहजासहजी मिळाला नाही. पण रोजचा खोळंबा त्यांनाही नको होता.

पहिला लूप नियंत्रण कक्षाने पडद्यावरूनच टाकला. चिपळूणच्या उपकरणाच्या ट्रिब्युटरी पोर्टवर, म्हणजे शाखेचं सर्किट जिथून बाहेर पडतं तिथे, नेटवर्कच्या दिशेने तोंड करून. याला सॉफ्ट लूप म्हणतात. कराडहून निघालेली मालिका घाट उतरून चिपळूणच्या कार्डापर्यंत गेली आणि परत आली. चूक शून्य. घाटातली केबल, मधली स्टेशनं आणि दोन्हीकडची कार्डं, सगळं एका झटक्यात बाजूला झालं.

पण सॉफ्ट लूप कार्डाच्या आत वळतो. कार्डातून बाहेर पडणारा शेवटचा भाग आणि तिथून डीडीएफपर्यंतची वायर त्यात तपासली जात नाही. त्यासाठी चिपळूणच्या तंत्रज्ञाला हाताने लूप टाकायला सांगितलं. जाणारी जोडी आणि येणारी जोडी क्रोनवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, जंपरने एकमेकींना जोडायची, एवढंच काम. त्याचा फोन आला, "साहेब, हार्ड लूप दिलाय, नेटवर्क साइडला. बघा काय दिसतंय." परत शून्य. मग एक्स्चेंजमधल्या ऑप्टिकल मोडेमवर लूप. शून्य. शेवटी शाखेतल्या मोडेमवर रिमोट लूप पाठवला, आणि यंत्रावर चुकांचा आकडा लगेच वाढू लागला.

एक्स्चेंजमधल्या मोडेमच्या लूपपर्यंत सगळं निर्मळ आणि शाखेतल्या मोडेमच्या लूपपर्यंत मळलेलं. म्हणजे दोष या दोन मोडेमच्या दरम्यान, किंवा त्यांच्यापैकी एकाच्या प्रकाशाच्या बाजूला. शंभर-एक किलोमीटरच्या वाटेतून शोध शहरातल्या एका तुकड्यावर आला होता. इथवर कुणी गाडी काढली नव्हती.

लूपची मर्यादा इथेच लागते. मालिका जाताना बिघडली की येताना, हे लूपला सांगता येत नाही; त्याच्याकडे जाण्या-येण्याचा एकत्रित हिशेब असतो. त्या शाखेकडे जाणारी फायबर एकच होती. एकाच काचेतून एक्स्चेंजकडून १५५० नॅनोमीटरचा प्रकाश जायचा आणि शाखेकडून १३१० चा यायचा. शाखेकडून एक्स्चेंजमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी ठणठणीत होती. आता माणूस पाठवणं भाग होतं, पॉवर मीटर घेऊन.

शाखेत मोडेम होता मागच्या रेकॉर्ड रूममध्ये. फायबरची टर्मिनेशन बॉक्स दाराच्या मागच्या भिंतीवर, आणि तिच्यातून निघालेली पिवळी पॅच कॉर्ड खाली मोडेमकडे आलेली. तंत्रज्ञाने मोडेममधून कॉर्ड काढून मीटरला लावली, मीटर १५५० वर ठेवला आणि आकडा वाचला. पातळी खूपच खाली. तेवढ्यात कुणीतरी जागा करून देण्यासाठी दार पुढे ओढलं आणि आकडा वर चढला. दार परत भिंतीला टेकवलं, आकडा पडला. दिवसभर दार उघडं, भिंतीला टेकलेलं; कॉर्ड त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये दुमडलेली. रात्री शाखा बंद करताना दार लागायचं, कॉर्ड मोकळी व्हायची, आणि आमची चाचणी ओके यायची.

वाकलेल्या काचेतून प्रकाश बाहेर निसटतो आणि लांब तरंगलांबीचा जास्त निसटतो, कारण तो गाभ्याच्या बाहेर जास्त पसरलेला असतो. म्हणून १३१० ची दिशा त्या दुमडीला पुरून उरत होती आणि १५५० ची मरत होती. बॉक्स भिंतीवर वर सरकवली, कॉर्डला मोठं वळण देऊन ती पट्टीतून नेली, पुन्हा रिमोट लूप टाकला, दार उघडं ठेवूनच. यंत्र शून्यावर राहिलं. सगळे लूप काढले, शाखेने व्यवहार करून पाहिला, मगच डॉकेट बंद झालं.

घाटातली मुख्य फायबर तुटते तेव्हा प्रकार वेगळा असतो. जेसीबीचा दात लागला किंवा दरड सरकली की दोन स्टेशनांमध्ये प्रकाशच थांबतो. रिंगमध्ये वाहतूक साधारण ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वळते. फोनवर बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एकाच दिशेचा प्रकाश थांबला असेल, तर इकडच्या स्टेशनला 'लॉस ऑफ सिग्नल' दिसतो आणि पलीकडच्याला 'रिमोट डिफेक्ट', म्हणजे समोरच्याला तुमचं ऐकू येत नाही अशी सूचना. पण एवढ्यावर फायबरच तुटली असं म्हणता येत नाही. पलीकडचा लेझर गेला असेल किंवा इकडचा रिसीव्हर. भर पावसात टोळीला घाटात पाठवण्याआधी दोन्हीकडची कार्डं निर्दोष ठरवावी लागतात, आणि इथे लूप तांब्याचा नसून प्रकाशाचा असतो : आपल्याच कार्डाचा लेझर पॅच कॉर्डने आपल्याच रिसीव्हरला जोडायचा.

हे काम दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. लांब पल्ल्याच्या २.५ जीबीच्या कार्डाचा लेझर शून्याच्या वर ३ डीबीएमपर्यंत प्रकाश सोडू शकतो. रिसीव्हर मात्र साठ-ऐंशी किलोमीटर थकून आलेल्या प्रकाशासाठी बनवलेला. उणे २८ डीबीएमइतकं क्षीणही त्याला वाचता येतं, पण उणे ९ च्या वर तो गांगरतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे निम्म्याचा निम्मा करत चार वेळा कमी केल्याशिवाय तो प्रकाश या रिसीव्हरला दाखवताच येत नाही. म्हणून मध्ये १५ डीबीचा अटेन्युएटर लावतात. तो न लावता केलेला लूप चांगलं कार्ड जाळू शकतो, आणि मग एका दोषाचे दोन होतात.

दुसरी गोष्ट लेझरच्या सुरक्षेची. समोरून प्रकाश येणं थांबलं की बरीच उपकरणं स्वतःचाही लेझर बंद करतात, तुटलेल्या टोकाशी काम करणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून. त्यामुळे एकच फायबर तुटली तरी दोन्ही दिशा काळोख्या दिसू शकतात. चाचणीसाठी ही सोय तात्पुरती बंद करावी लागते, आणि मग कनेक्टरच्या तोंडाशी डोळा नेणं सक्त मना. १३१० आणि १५५० हे दोन्ही प्रकाश माणसाला दिसत नाहीत. अंधार दिसतो म्हणून लेझर बंद आहे असं धरून चालत नाही.

कार्डाशी लूप घेऊन अलार्म गेला, तर कार्ड निर्दोष. तोच लूप ओडीएफवर, म्हणजे बाहेरची केबल जिथे संपते त्या चौकटीवर घेतला आणि अलार्म परत आला, तर दोष स्टेशनच्या आतच, पॅच कॉर्डमध्ये किंवा कनेक्टरवर. फायबरचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. कोकणच्या दमट पावसाळ्यात धुळीचा एखादा चिकट कणही तो झाकू शकतो. म्हणून चांगला तंत्रज्ञ खिशात साफसफाईचं साहित्य ठेवतो आणि कनेक्टर पुसल्याशिवाय काहीच जोडत नाही. तिथेही सगळं ठीक निघालं, मगच ओटीडीआर. तो प्रकाशाचा ठोका पाठवतो आणि परत आलेल्या क्षीण प्रकाशाच्या वेळेवरून अंतर काढतो. काचेत एक किलोमीटर जाऊन-येऊन जवळपास १० मायक्रोसेकंद लागतात.

ओटीडीआरने दाखवलेलं अंतर रस्त्याचं नसतं, काचेचं असतं. प्रत्येक जॉइंटपाशी केबलची गुंडाळी ठेवलेली असते, आणि केबलच्या आतली फायबरही थोडी पिळून बसवलेली असते. त्यामुळे यंत्र म्हणतं त्या आकड्यावर मैलाचा दगड बघून खणलं तर हाती काही लागत नाही. मार्गाच्या नकाशात कुठे किती गुंडाळी आहे ते वजा करत, जवळच्या ज्ञात जॉइंटपासून मोजावं लागतं. हे ज्ञान घाटात गस्त घालणाऱ्या लाइनमनकडे असतं, आणि त्याच्यावाचून यंत्राचा आकडा अपुरा राहतो.

लूप टाकणं सोपं. तो टाकून विसरणं घातक. सर्किट चालू करताना लूप तसाच राहिला, तर स्वतःचाच सिग्नल परत येतो, अलार्म नसतो, सगळं हिरवं दिसतं आणि पलीकडे काहीही पोचत नाही. यावर उपाय म्हणून एसडीएच या ट्रान्समिशन प्रणालीत प्रत्येक मार्गाच्या सिग्नलसोबत त्याचं नाव पाठवायची सोय आहे. कराडला चिपळूणचं नाव यायला हवं तिथे कराडचंच आलं, तर मार्गात लूप आहे. ही नावं भरायचा कंटाळा करणारी स्टेशनं मी पाहिली आहेत, आणि असा विसरलेला लूप हुडकताना सगळ्यात जास्त त्रास तिथल्याच लोकांना होतो.

मुख्य लाइनवर लूप टाकताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुढच्या स्टेशनांशी नियंत्रण कक्षाचं बोलणं त्याच लाइनमधून चालतं. चुकीच्या जागी लूप पडला, तर पलीकडची उपकरणं पडद्यावरून नाहीशी होतात आणि लूप काढण्याची आज्ञाही तिथवर जात नाही. मग गाडी काढून कुणाला तरी जावं लागतं. शिवाय उपकरणं घड्याळाचा ताल लाइनवरूनच घेतात. लूपमधून स्वतःचाच ताल परत आला आणि तोच संदर्भ म्हणून धरला गेला, तर ताल हळूहळू भरकटतो आणि दूरच्या, कसलाही संबंध नसलेल्या सर्किटांवर चुका दिसू लागतात. म्हणून लूपच्या आधी ताल कुठून येतो ते बघायचं.

आता दोन एमबीची सर्किटं कमी होत चालली आणि बहुतेक सगळं इथरनेटवर गेलं. तिथे तार नुसती वळवून चालत नाही. स्विचच्या जाळ्यात उघडा लूप पडला तर एकच फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि सगळं जाळं गुदमरतं. म्हणून पलीकडचं यंत्र फ्रेम परत पाठवताना पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता अदलाबदल करतं. मार्गातल्या एकेका टप्प्याला नाव घेऊन "परत पाठव" असा निरोप देण्याची सोयही इथरनेटच्या मानकांत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबलींतही हेच तत्त्व आहे. तळाशी ठरावीक अंतरावर बसवलेल्या रिपीटरमधून प्रकाश एकाच दिशेने जाऊ शकतो, त्यामुळे साधा ओटीडीआर पहिल्या रिपीटरच्या पुढे आंधळा होतो. म्हणून रिपीटरमध्येच एक बारीक वाट ठेवतात, जिच्यातून परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश उलट दिशेच्या फायबरवर वळतो. त्यावरून खोल पाण्यातला कोणता टप्पा दुखावला आहे, हे किनाऱ्यावर बसून कळतं.

आता पुन्हा डॉकेटकडे येतो, कारण माझं म्हणणं तिथेच आहे. "टेस्ट ओके" हे दोन शब्द खोटे नसतात, पण त्यांतून काहीच पुढे जात नाही. लूप कुठे होता, सॉफ्ट की हार्ड, तोंड कुणीकडे, चाचणी किती वाजता आणि किती वेळ चालली, चुका किती, लूप कुणी कधी काढला, एवढं लिहायला पाच ओळी पुरतात. त्या शाखेच्या आधीच्या डॉकेटांत नुसती वेळ लिहिलेली असती, तरी सगळ्या चाचण्या रात्रीच्या आहेत हे कुणाच्याही पहिल्या वाचनात लक्षात आलं असतं आणि पेन्शनसाठी आलेल्यांचे कित्येक फेरे वाचले असते.

आपल्याकडे या कामात येणाऱ्या मुलांना मीटर वापरायला शिकवतात, नोंद करायला शिकवत नाहीत. नोंदीला कारकुनी समजलं जातं. खरं म्हणजे लूपची नोंद हा चाचणीचाच भाग आहे. एका पाळीने जेवढा मार्ग निर्दोष ठरवला, तो कागदावर असेल तर पुढची पाळी त्याच्या पुढून सुरुवात करते; नसेल तर तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते, आणि तोवर तिन्ही ठिकाणचे लोक आपल्याकडे सगळं ओके आहे असं सांगत राहतात. प्रत्येक ट्रान्समिशन केंद्राने डॉकेटच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : लूप कुठून कुठवर. आणि तो भरल्याशिवाय डॉकेट बंद होऊ देऊ नये.